कोडोलीचे सहा फूट तीन इंच

माझी उंची पाच फूट तीन इंच आहे आणि मी सात वर्षं बास्केटबॉल संघाचा सेक्रेटरी होतो.

यात हसण्यासारखं काही नाही. सेक्रेटरीनं चेंडू टाकायचा नसतो. त्यानं अर्ज लिहायचे, फाटलेली जाळी शिवायची आणि नवे गडी शोधायचे. (जाळी शिवायला मला स्टूल लागायचं, पण ते स्टूल मी स्वतः उचलून न्यायचो!) पंचाहत्तर-शहात्तर साल असेल. कोल्हापूर म्हणजे कुस्ती आणि फुटबॉल. अशा गावात आम्ही चाळीस-पन्नास खुळे एका मैदानावर चार संघ करून बास्केटबॉल खेळायचो. रस्त्यानं जाणारे थांबून सल्ला द्यायचे, "मर्दा, बुट्टीला बूड बसवा की! चेंडू खाली पडायलाय!" आम्ही दात-ओठ खात खेळत राहायचो.

उंचीची चर्चा आमच्या घरीही चालायची, पण निराळ्या कारणानं. माझी धाकटी बहीण शकू पाच फूट दहा इंच होती. आईच्या माहेरची उंची आमच्या घरात आली, ती सगळी शकूनं घेतली आणि मला उरलंसुरलं मिळालं. शकू मुलींच्या शाळेत मास्तरीण होती, हुशार होती, दिसायला चांगली होती. तिला बघायला पावणे यायचे, ती बसलेली असेपर्यंत सगळं झकास चालायचं. ती उठून उभी राहिली, की पावण्यांना एकदम एसटीची वेळ आठवायची!

यावर आमच्या आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, एक तोड काढली होती. मधल्या दाराच्या चौकटीवर त्यांनी शकूच्या उंचीची पेन्सिलची रेघ मारून ठेवली. स्थळ आलं, की आप्पा नवऱ्या मुलाचा हात धरून त्याला चौकटीपाशी न्यायचे. "जुनं सागवान हाय बघा. हात लावून बघा की!" म्हणायचे आणि तो हात लावत असताना तिरक्या डोळ्यानं माप घ्यायचे. दोन वर्षांत नऊ जणांनी ते सागवान बघितलं. आठ जण रेघेच्या खाली. नववा रेघेला लागला, पण त्याच्या बुटाची टाच दोन इंचाची निघाली.

आणि मग एका रविवारी वसंतराव आले.

घर कोडोलीचं, नोकरी राधानगरीला धरणावर ओव्हरसियरची, आणि लवकरच कोल्हापुरात बदली. हे सगळं मध्यस्थानं सांगितलं होतं. उंची सांगितली नव्हती. ती आम्हाला बाहेरच्या दारानं सांगितली. धाडकन आवाज झाला, घर हादरलं आणि एक प्रचंड तरुण कपाळ चोळत आत आला.

"लागलं काय वो?" आप्पांनी विचारलं. लॉटरी लागल्यावर माणूस ज्या आवाजात बोलेल, त्या आवाजात!

"न्हाय न्हाय," वसंतराव म्हणाले. "दारं जरा लहान हायत तुमची."

आप्पा सागवानाचं नावसुद्धा काढायला विसरले. आईनं पोहे आणले. वसंतरावांनी एक ताटली संपवली. "आणि घ्या की," आई म्हणाली. "द्या की," वसंतराव म्हणाले. अशा तीन ताटल्या झाल्या. मग शकू उठून उभी राहिली आणि वसंतरावही उठले. शकूला आमच्या घरात कुणाकडं तरी मान वर करून बघावं लागलं, असं पहिल्यांदाच घडत होतं. ती आत गेली आणि आईच्या कानात म्हणाली, "त्यांच्या कपाळाला हळद लावायची काय, इचार की."

"झालं!" आई मला म्हणाली. "नऊ जण आले नि गेले, पर पोरीनं कुणाच्या कपाळाची चौकशी केली नव्हती."

वसंतरावांना आईवडील नव्हते, त्यांना आणि धाकट्या भावाला मामांनी वाढवलं होतं. मामा येतील, गावात चार ठिकाणी तुमची चौकशी करतील आणि मग होय-नाही कळवतील, असं ठरलं. रीतच आहे ती. त्यांना एसटी स्टँडपर्यंत पोचवायचं काम माझ्याकडं आलं, आणि तिथंच घात झाला. त्यांच्या शेजारून चालताना मला त्यांचा भावी मेव्हणा वाटायला हवं होतं. मला दिसत होतं एवढंच, की या माणसाचा हात वर केला तर तो बुट्टीच्या लोखंडी कडीपासून जेमतेम दोन विती लांब राहतो!

"पावणं, बास्केटबॉल खेळता काय?"

"खेळतो की."

"उडी?"

"मारतो की."

"बदली झाल्यावर आमच्या मैदानावर?"

"खेळू की, त्यात काय!"

एसटीच्या खिडकीतून मी नव्या गड्यांच्या नोंदणीच्या कागदावर त्यांची सही घेतली. घरी आल्यावर आप्पांनी बजावलं, "सदा, लगीन ठरूस्तोवर त्या मानसाम्होरं चेंडूचं नाव काढायचं न्हाय." मी म्हटलं, "न्हाय काढत." हे अगदी खरं होतं. चेंडू माझ्या तोंडात नव्हताच, खिशातल्या कागदावर होता. आणि मी ठरवलं होतं, जग इकडचं तिकडं होवो, हा गडी आमच्या संघात आणायचा.

आता आमच्याकडची गडी वाटायची पद्धत सांगायला हवी. हंगाम सुरू व्हायच्या आधी नव्या पोरांची नावं मैदानावरच्या फळ्यावर लिहायची. कुणी शोधून आणला याला महत्त्व नाही. नाव फळ्यावर आलं की गडी सगळ्यांचा. मग एका रविवारी चार संघांनी पाळीपाळीनं एकेक गडी मागून घ्यायचा. आदल्या वर्षी जो संघ शेवटचा आला, त्याला पहिली पाळी. आम्ही दरवर्षी शेवटचे यायचो, त्यामुळे पहिली पाळी आमच्या घरचीच होती. पण त्या वर्षी एका सामन्याला उद्यमनगरचा संघ आलाच नाही आणि आम्ही न खेळता जिंकलो. त्या एकुलत्या एका विजयानं आमचं वाटोळं केलं. उद्यमनगर शेवटी गेलं, आम्ही तिसरे आलो. पहिली पाळी त्यांची, दुसरी आमची!

उद्यमनगरचा कॅप्टन दादू. लेथ मशीनवर काम करणारा, बारीक डोळ्यांचा. लोखंडाचा तुकडा बघावा तसा तो माणसाकडं बघायचा.

वाटपाच्या आधीचे पंधरा दिवस कोपऱ्यावरच्या मिसळीच्या दुकानात नुसता दंगा असायचा. कुणी म्हणायचं, शाहूपुरीचं डावखुरं पोरगं घ्या, चपळ हाय. कुणी म्हणायचं, चपळ हाय खरं, पर परीक्षा आली की गायब हुतंय. पण सगळ्यांची गाडी शेवटी येऊन थांबायची ती फळ्यावरच्या एका ओळीवर. कोडोली, सहा फूट तीन इंच.

"सहा फूट तीन! मर्दा, त्यो नुसता हुबा ऱ्हायला तरी सामना जितला!"

"उंची म्हंजे काय खेळ हाय व्हय? नारळाचं झाड बी उंच असतंय."

"पर झाडाला पाय न्हाईत!"

वसंतरावांना माझ्याशिवाय कुणी पाहिलेलंच नव्हतं. त्यामुळे दादू आपली कटाची वाटी घेऊन थेट माझ्या बाकावर येऊन बसला. "सदूभाऊ, नाव तुमीच दिलंय न्हवं? कसा हाय गडी?"

इथं मी एक निर्णय घेतला. दादूच्या मनातून हा गडी उतरवायचा. मग दुसऱ्या पाळीला आम्ही अलगद उचलायचा.

"गडी चांगला हाय," मी सुस्कारा सोडला. "पर गुडघा..."

"काय गुडघ्याला?"

"वाजतोय."

दादू विचारात पडला. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दुसऱ्या दिवशी मी डोळे घेतले. तिसऱ्या दिवशी चक्कर. आमचा कॅप्टन बंडू घाबरून म्हणाला, "सदा, पुरं कर आता." पण एकदा हातात घेतलेलं काम अर्धवट सोडायचा माझा स्वभाव नाही. आठवडा संपेपर्यंत वसंतरावांच्या अंगात धड असा अवयव मी शिल्लक ठेवला नव्हता.

वाटपाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी दुकानात शिरलो तेव्हा कोपऱ्यात एक अनोळखी गृहस्थ मिसळ खात बसले होते. पांढरी टोपी, धोतर, भरघोस मिशा. दादूची माणसं शेजारच्याच बाकावर होती. चर्चा अर्थातच कोडोलीची. गृहस्थांनी थोडा वेळ ऐकलं आणि मला विचारलं, "पावणं, ह्ये कोडोलीचं म्हंजे धरणावरचं वसंत काय?"

मी ताडलं. दादूनं माझ्या बातम्यांची खात्री करायला माणूस लावलाय! मी बंडूला डोळा मारला आणि गृहस्थांच्या समोर जाऊन बसलो.

"व्हय, त्योच. त्याचं काय न्हाय राहिलेलं बघा."

"म्हंजे?"

"गुडघा वाजतोय. चालला की शेजारच्याला ऐकू येतंय."

"व्हय?" गृहस्थांचा घास हातात राहिला.

"डोळं अधू. चष्मा हाय, पर लपवतोय. परवा दाराची चौकट दिसली न्हाय त्याला! कपाळ आपटलं, माझ्या डोळ्यांदेखत!"

"आणि?"

"उन्हात हुबा केला की धा मिनटांत आडवा. आणि तापट! एकदा पंचाला उचलून आपटलंय."

"तुमाला एवढं सगळं ठावं कसं?"

"आता काय सांगू! आमच्या घरला येऊन गेलाय की! माझ्याच बहिणीला बघाय आलता!"

गृहस्थांनी अर्धी मिसळ तशीच टाकली आणि ते निघून गेले. कोल्हापुरात माणूस मिसळ अर्धी टाकून उठतो म्हणजे काहीतरी भयंकर झालेलं असतं, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी आणखी एक कट मागवला आणि बंडूच्या पाठीवर थाप मारली.

तासाभरानं मी शीळ घालत घरी आलो. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर पांढरी टोपी, धोतर आणि भरघोस मिशा बसल्या होत्या.

"सदा," आप्पा भिंतीसारखे पांढरे पडले होते. "ह्ये वसंतरावांचे मामा."

मामा उठले. म्हणजे उठायला लागले. दुकानात ते बसलेले होते, त्यामुळे मला कल्पना आली नव्हती. ते उठतच राहिले. चौकटीवरची शकूची रेघ त्यांच्या मिशीशी आली, तेव्हा कुठं ते उठायचे थांबले.

"आप्पासाहेब," मामा म्हणाले, "माझा भाचा आंधळा हाय, लंगडा हाय, फेफरंकरी हाय आणि मारामाऱ्या करतोय, असं तुमचं चिरंजीव भर दुकानात बसून सांगायलेत. मी म्हणलं, आपल्याला पंचवीस वर्षांत कसं काय ह्ये कळलं न्हाय, तेवढं घरला जाऊन इचारावं."

मी सगळं सांगितलं. गडी वाटप, पहिली पाळी, दादू, न खेळता जिंकलेला सामना... बोलता बोलता माझ्याच लक्षात येत होतं, की यातलं एकही वाक्य शहाण्या माणसाचं वाटत नाहीये.

"चेंडूपायी?" आई म्हणाली. "चेंडूपायी तू बहिणीचं स्थळ..."

मी शकूकडं पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पावण्यांसमोर उभं राहताना शकू नेहमी खांदे पाडून थोडी वाकायची, दोन इंच तरी कमी दिसावेत म्हणून. त्या रविवारी, वसंतरावांसमोर, ती पहिल्यांदा ताठ उभी राहिली होती. आता ती परत वाकली होती. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नाही, आणि ती वाटायला मला पंधरा दिवस लागले, याची आणखी वाटली.

तेवढ्यात शकू सरळ झाली. तशीच दोन पावलं पुढं आली.

"मामा, दादा खोटं बोलला. लई खोटं बोलला. पर त्यांच्यात काय उणं हाय म्हणून न्हवं. दुसऱ्या कुणी त्यांना नेऊ नये म्हणून बोलला." तिनं एक श्वास घेतला. "आणि दुसऱ्या कुणी नेऊ नये, असं मला बी वाटतंय."

आप्पांनी हातातली कपबशी खाली ठेवली. त्या काळी बघायला आलेल्या स्थळाबद्दल मुलगी असं बोलत नसे, आणि मुलाच्या मामांच्या डोळ्याला डोळा भिडवून तर मुळीच नाही. मामांची मिशी जराशी हलली.

"पोरीचं मला पटलं," ते म्हणाले. "पर ह्या शेक्रेटरीचं न्हाय. जे चारचौघांत बोललासा, ते चारचौघांत मागं घ्यायचं. उद्या, त्याच मानसांम्होरं. एकूण एक. मग फुडचं बोलू."

"उद्या?" मी किंचाळलो. "मामा, उद्या वाटप हाय! परवा घेतलं तर..."

"सदा!" आई, आप्पा आणि शकू एका आवाजात ओरडले.

दुसऱ्या दिवशी मैदानावर दोनशे माणूस जमलं होतं. (बास्केटबॉलच्या सामन्याला कधी साठाच्या वर माणूस नसे. बातमी फुटली होती!) मामा खुर्ची टाकून पुढं बसले. शेजारी आप्पा, पलीकडं शकू. मी जाळी शिवायच्या माझ्या स्टुलावर उभा राहिलो. समोर दादू. पहिली पाळी त्याची. मी जे काही खरं बोलणार, ते थेट त्याच्या पदरात पडणार होतं.

मी शकूकडं बघितलं आणि तोंड उघडलं.

"कोडोलीच्या गड्याचा गुडघा वाजत न्हाय! मी खोटं बोललो!"

मामांनी मोजायला एक बोट दुमडलं. "डोळं."

"डोळं गरुडासारखं हायत! चौकट लहान हुती!"

"चक्कर."

"चक्कर येत न्हाय! उन्हात धरणावर काम करतोय त्यो!"

"पंच ऱ्हायला."

"पंचाला हात लावलेला न्हाय! सोभाव गाईसारखा!" आणि आता एवढं बोललोच आहे तर पुरतंच बोलावं म्हणून मी छातीवर हात ठेवला. "आणि आईशप्पथ सांगतो, असा गडी ह्या मैदानावर आजवर आलेला न्हाय!"

बंडूनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. दादूनं बारीक डोळे करून आधी माझ्याकडं बघितलं, मग मामांकडं. मामा तेवढ्यात पाय मोकळे करायला उठून उभे राहिले. दादूनं त्यांना खालून वर न्याहाळलं, मामा असा तर भाचा कसा असेल याचा हिशेब केला आणि फळ्यापाशी जाऊन कोडोलीच्या ओळीवर खडूनं गोल काढला. माझ्या काळजावरच काढला तो.

स्टुलावरून उतरताना मामांनी मला हात दिला. "ठरलं," ते म्हणाले.

"काय ठरलं?"

"लगीन, मर्दा! दुसरं काय!"

शकू हसत होती, आणि तिच्या खांद्यांत कुठंही बाक नव्हता. मी तिथंच लहान पोरासारखा रडलो. बंडूला वाटलं, गडी गेला म्हणून रडतोय. (थोडासा त्यासाठीही होतो.) आम्ही शाहूपुरीचं डावखुरं पोरगं घेतलं, आणि बंडू माझ्याशी चार दिवस बोलला नाही.

लग्न झोकात झालं. बदली झाली. हंगाम सुरू झाला आणि पहिलाच सामना आमच्याशी. वसंतराव उद्यमनगरच्या कपड्यांत मैदानात आले, तेव्हा आमची पोरं मागं सरकली. चेंडू त्यांच्याकडं आला. त्यांनी तो झेलला, छातीशी धरला, इकडं तिकडं बघितलं आणि अत्यंत अदबीनं नेऊन पंचाच्या हातात दिला!

दुसऱ्या वेळी त्यांनी चेंडू बुट्टीत टाकला. सुरेख टाकला. आपल्याच बुट्टीत. टाळ्या फक्त शकूनं वाजवल्या.

सामना संपल्यावर दादू माझ्या अंगावर धावून आला. "सदूभाऊ! स्टुलावर हुबं ऱ्हाऊन, आईची शपथ घेऊन, बहिणीला म्होरं बसवून फसवलंसा आमाला! मामा बी भाड्यानं आणलासा काय?" मी परोपरीनं सांगितलं, की त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून खरं बोललो होतो. मी गुडघ्याबद्दल खोटं बोललो ते पंधरा दिवस सगळ्या गावानं खरं मानलं होतं. हे खरं मात्र मी मरेपर्यंत कुणाला पटणार नव्हतं.

मी वसंतरावांना बाजूला घेतलं. "आवो, तुमी तर म्हणलासा खेळतो की!"

"म्हणलो की," वसंतराव कपाळ पुसत म्हणाले. "मुलीच्या भावानं इचारल्यावर न्हाय कसं म्हणायचं? आणि मला पव्हं बी आवडत न्हाईत."

वर्ष संपलं तसा दादू आमच्या घरी आला. "तुमचं पावणं तुमी परत घ्या. बदल्यात कोन बी द्या, न्हायतर नगा देऊ." शहाण्या सेक्रेटरीनं नाही म्हटलं असतं. मी वसंतरावांकडं मान वर करून बघितलं, त्यांचा हात आणि ती लोखंडी कडी यांच्यातलं दोन वितींचं अंतर मला पुन्हा दिसलं, आणि मी त्यांना घेतलं! पुढची चार वर्षं ते आमच्याकडून खेळले. चारही वर्षं आम्ही शेवटचे आलो.

पण त्यामुळे पहिली पाळी कायम आमची झाली, आणि गडी निवडायचं काम अर्थातच माझ्याकडं होतं. पहिल्याच वर्षी फळ्यावरची बाकी सगळी नावं डावलून मी एकच गडी हेरला, वसंतरावांचा धाकटा भाऊ. सहा फूट चार इंच! खेळतोस काय म्हणून विचारल्यावर "खेळतो की" म्हणाला होता.